डिग्रीची हळद

आमच्या घरात माझ्याआधी माझ्या डिग्रीला हळद लागली.

मला नोकरी नव्हती म्हणून मुलगी मिळत नव्हती, आणि मुलगी नव्हती म्हणून हळदीचा प्रश्नच येत नव्हता. डिग्रीला मात्र असली काही अट नव्हती. ती एम.एस्सी. होती, रसायनशास्त्रात, तेही फर्स्ट क्लास! (मीही तेवढाच होतो, पण कागदावर छापलेलं जास्त खरं वाटतं.) ती कपाटात, साड्यांच्या घडीखाली, प्लास्टिकच्या कव्हरात झोपून असायची आणि मी बाहेरच्या खोलीत. दोघांनाही काम नव्हतं. फरक एवढाच, की तिला कोणी 'सध्या काय करतोस?' असं विचारत नव्हतं.

तसा मी प्रयत्न करत नव्हतो असं नाही. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत, त्यातल्या एकात गेलो. मालकांनी डिग्री उलटसुलट बघितली, अगदी आदराने परत दिली आणि म्हणाले, "साहेब, एवढ्या शिकलेल्या माणसाला खुर्ची द्यावी लागेल. आमच्याकडे खुर्ची एकच आहे, तिच्यावर मी बसतो." पुढे एका ठिकाणी मी जास्त शिकलेला निघालो, दुसऱ्या ठिकाणी पीएच.डी. नाही म्हणून कमी शिकलेला निघालो. माझ्याएवढाच शिकलेला माणूस शोधणारी कंपनी पालघर जिल्ह्यात कुठे आहे, हे काही कळेना. शेवटी स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवायला लागलो. घरी आप्पा त्याला 'तात्पुरतं' म्हणायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीत झाली, त्यामुळे समोर रांग उभी असल्यासारखं तुटक बोलायची सवय. "काय करतो मुलगा?" "शिकवतो. तात्पुरतं. पुढे बोला."

आणि आमच्या समोर राहायचा केतन! बालवाडीपासून माझ्याबरोबर. बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षाला कॉलेज सोडलं आणि टेम्पो घेतला. गंजाडच्या वाड्यांमधून चिकू भरायचे आणि वापीला टाकून यायचे. कॉलेज सोडलं तेव्हा माझ्या आईने त्याच्या बाला (गुजरातीत आईला बा म्हणतात) जवळ बसवून समजावलं होतं, की पोराचं आयुष्य वाया जाईल. बाने डोळ्याला पदर लावला होता. आता त्याच पोराने बाला वॉशिंग मशीन घेऊन दिलं होतं, आणि आमची आई खिडकीत उभी राहून त्या मशीनचा आवाज ऐकायची.

दसऱ्याला तर विचारूच नका. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची, हा आमच्याकडचा रिवाज. मच्छीमाराची जाळी, सुताराची करवत, केतनचा टेम्पो. झेंडूच्या माळांनी टेम्पो असा नटवायचा, की समोरची काच शोधावी लागे. पुढे लिंबू-मिरची, बोनेटवर हळदीकुंकवाची बोटं, नारळ, आणि मग गल्लीभर फाफडा-जिलेबी! आमच्या घरी आप्पांची जुनी स्कूटर आणि आईचा मिक्सर. त्यात मी पास झालो त्या वर्षापासून आईने माझी डिग्री पाटावर घ्यायला सुरुवात केली.

"अगं, तिच्यावर कुठे पोट चालतंय अजून?" मी म्हणायचो.

"चालेल. तू मध्ये बोलू नकोस."

गेल्याच्या गेल्या दसऱ्याला सकाळी सकाळी फोन आला. तलासरीच्या पुढे, हायवेला लागून एक साबणाची कंपनी आहे, तिथून. केमिस्टची जागा होती. मी अर्ज करून इतके महिने झाले होते, की मी तो विसरलोही होतो. बाई म्हणाल्या, "उद्या दहा वाजता इंटरव्ह्यूला या. ओरिजिनल घेऊन या. ओरिजिनल नसेल तर साहेब बसवत नाहीत."

मी फोन ठेवला आणि ओरडलो. आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली, तिला वाटलं साप निघाला. इंटरव्ह्यू म्हटल्यावर तिचे डोळेच भरले. आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "बरं. उशीर करू नको." आप्पांच्या मानाने हे भाषण होतं.

खरं सांगतो, मलाही गलबलून आलं. यावेळी जमलं नाही तर क्लासवाले सर मला आठवीचेही वर्ग देणार होते, आणि मग मी कायमचा 'तात्पुरता' होणार होतो. ते आईला माहीत होतं, आप्पांना माहीत होतं, आणि तिघांपैकी कोणीच ते बोलत नव्हतं.

तयारी म्हणून मी दुकानातून त्या कंपनीच्या साबणाची वडी आणली. वेष्टन नीट वाचून काढलं. त्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'हळदीचा डाग? विसरा!' मी ते पाठच करून टाकलं. मग केतनने खालून हाक मारली आणि मी जिलेबी खायला खाली गेलो.

"काय रे नंदू, इंटरव्ह्यू? अरे वा!" केतनने माझ्या पाठीत धपाटा घातला. "उद्या मी गंजाडला भरून हायवेनेच जाणार. तुला कंपनीच्या गेटवर सोडतो. आणि नाही झालं ना काम, तर टेन्शन नाही घ्यायचं. टेम्पोवर क्लीनरची जागा आहे आपल्याकडे."

"क्लीनर?"

"डिग्रीची अट नाही!" तो म्हणाला, आणि त्याची बा एवढी हसली, की तिच्या हातातला फाफडा मोडला. मीही हसलो. उद्या याला दाखवतोच, असं मनात म्हणत आणखी दोन जिलेब्या खाल्ल्या आणि वर आलो.

पाटावर स्कूटरची चावी होती, मिक्सर होता आणि माझी डिग्री होती. आई हात जोडून डोळे मिटून बसली होती. डिग्रीवर हळदीचं बोट होतं, कुंकवाचं बोट होतं, अक्षता होत्या. आणि कव्हर शेजारी काढून ठेवलं होतं.

"आई!"

"अरे, ओरडतोस काय पूजेत?"

"कव्हर का काढलंस?"

"इतकी वर्षं प्लास्टिकलाच हळद लावत होते मी," आई शांतपणे म्हणाली. "मग आशीर्वाद आत कसा पोचणार? म्हणून तर अडलं होतं सगळं!"

हा युक्तिवाद एम.एस्सी.लाही खोडता येण्यासारखा नव्हता. कुंकू कोरडं होतं, ते फुंकर मारल्यावर उडालं. पण हळद आईने पाण्यात कालवली होती, चांगली घट्ट. बरोबर माझ्या नावावर, एक गोल, पिवळाधम्मक ठिपका! मी रुमालाने पुसायला गेलो, तर ठिपक्याचा पट्टा झाला. आप्पा आले, बघितलं, आणि म्हणाले, "असू दे. शुभ असतं."

"आप्पा, ओरिजिनल आहे ते! उद्या दाखवायचंय!"

"मग ठेवतोस कशाला? घालव."

तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टेबलावर वडी होती. हळदीचा डाग? विसरा!

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच आठवड्यात मी सातवीच्या वर्गात एक प्रयोग करून दाखवला होता. पांढऱ्या कागदाला हळद लावायची, वर साबणाचं पाणी सोडायचं, कागद लालभडक होतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'हळद हा दर्शक आहे, आम्लारीत लाल.' खाली दोन रेघा मारल्या होत्या आणि म्हटलं होतं, "परीक्षेला हमखास येणार, विसरू नका!"

मुलं विसरली नसतील. मी बोट ओलं केलं, वडीवर घासलं आणि डिग्रीवर चोळलं.

डिग्री लाल झाली. हळूहळू वगैरे काही नाही. एकदम! माझ्या नावावरून रक्ताचा ओघळ गेल्यासारखी दिसायला लागली.

आप्पांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "प्रगती आहे."

"अगं आई, तू हे काय केलंस!" मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"मी पिवळी केली होती," आई म्हणाली. "लाल तू केलीस."

आणि एवढं म्हणून ती एकदम रडायलाच लागली. हसता हसता नाही, खरंच. "माझंच चुकलं रे. चांगली कव्हरात होती. माझ्या हाताने मी पोराचं नशीब घालवलं," असं म्हणत ती पाटासमोरच बसून राहिली. मी 'काही नाही गं होत' म्हणत राहिलो. आप्पांनी तेवढ्यात मदत म्हणून डिग्री वाळवायला इस्त्री तापवली. इस्त्रीने डिग्री वाळली, थोडी चुरगळली, आणि लाल रंग एकदम पक्का दिसायला लागला. आप्पांनी इस्त्री बंद केली आणि उरलेला दिवस ते स्कूटर पुसत होते.

"झेरॉक्स काढू," संध्याकाळी मी म्हटलं. काढली. काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये तो डाग अगदी सरकारी शिक्क्यासारखा आला. ओरिजिनलपेक्षा झेरॉक्स जास्त ओरिजिनल दिसत होती. पण साहेब झेरॉक्सवर बसवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने काही खाल्लं नाही. "तुझा फोन आला की खाईन," म्हणाली. दही माझ्या हातावर ठेवताना तिने आधी हात धुतले, पुसले, परत धुतले, बोटाला कुठे हळद नाही ना ते बघितलं. ते बघून मला तिथेच वाटलं, की डिग्री गेली खड्ड्यात, पण हिला दुपारपर्यंत जेवायला मिळालं पाहिजे.

केतनच्या टेम्पोत गंजाडला चिकूचे क्रेट भरले. मी पुढे बसलो, डिग्री मांडीवर उघडी. केतन एक डोळा रस्त्यावर आणि एक डिग्रीवर ठेवून चालवत होता.

"कोणाचा खून केलास काय रे?"

"हळद आहे. साबणाने लाल झाली."

"मग पिवळी कर परत."

"ते एवढं सोपं नसतं केतन. त्याच्यामागे रसायनशास्त्र असतं. आम्लारी गेला पाहिजे, म्हणजे त्याच्यावर काहीतरी आम्ल..." आणि मी बोलता बोलता थांबलो. चारोटी नाक्याच्या सिग्नलला आम्ही उभे होतो, आणि काचेबाहेर, आरशाच्या दांड्याला टांगलेलं, आदल्या दिवशीचं ताजं टवटवीत लिंबू डुलत होतं.

"केतन! लिंबू दे!"

"कुठलं लिंबू?"

"ते! पुढचं! लिंबाने परत पिवळं होतं!"

केतनने गाडी बाजूला घेतली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची किडनी मागितली होती. "डोकंबिकं फिरलंय का? कालच पूजा झालीय. ते नजरेचं लिंबू आहे!"

"अरे, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे!"

"आणि माझ्या टेम्पोचा नाही? पुढे घाट आहे! लिंबू काढलं आणि गाडी पलटी झाली तर बा मला घरात घेईल?"

"नवीन लिंबू बांध की!"

"तू नवीन डिग्री घे की!"

नाक्यावर एकही लिंबूवाला दिसेना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी लिंबं कुठल्या ना कुठल्या गाडीला टांगलेली होती. माझ्यासमोरून ट्रकवर ट्रक जात होते, प्रत्येकाच्या पुढे एक एक लिंबू, आणि एम.एस्सी. फर्स्ट क्लास माणूस हायवेला उभा राहून त्यांच्याकडे आशाळभूतपणे बघत होता. शेवटी केतनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असंच जा. खरं सांग. नाही झालं तर आहेच ना मी." तो हे चेष्टेत म्हणाला नाही, म्हणून मला जास्तच रडू आलं.

इंटरव्ह्यूला बसलेले साहेब जाडजूड होते, शेजारी एक बारीक मॅडम होत्या, लॅबच्या प्रमुख. साहेबांनी डिग्री हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"हे काय आहे?"

"हळद आहे, सर."

"हळद पिवळी असते."

"साबण लावल्यावर लाल झाली, सर. आईने दसऱ्याला पूजा केली होती. मग मी डाग काढायला गेलो."

"रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहात ना तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो. (हे नसतं म्हटलं तरी चाललं असतं.)

"आणि हळदीला साबण लावलात?"

"हो मॅडम."

"कुठला साबण?" साहेबांनी विचारलं.

मी छताकडे बघितलं. पंख्याला झेंडूची माळ होती. खोटं बोलावं असं मनात आलं, पण आई उपाशी होती. उपाशी आईला साक्षी ठेवून खोटं बोलवेना.

"तुमचाच, सर."

तेवढ्यात बाहेर गेटशी थांबलेल्या केतनचा हॉर्न वाजला.

"वेष्टनावर लिहिलं होतं, सर. 'हळदीचा डाग? विसरा!' मी विश्वास ठेवला."

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. साहेबांचे गाल हळूहळू माझ्या डिग्रीच्या रंगाचे झाले. "हा आता घालवायचा कसा, ते तरी माहिती आहे?"

"आम्ल, सर. लिंबाचा रस लावला तर पुन्हा पिवळं होईल. मग उन्हात ठेवलं तर पिवळंही फिकट होतं."

"मग लावलं का नाही लिंबू?"

"लिंबू टेम्पोला बांधलेलं होतं, सर. टेम्पोवाला देईना."

यावर मॅडमचा रुमाल सुटला आणि त्या टेबलावर डोकं ठेवून हसायला लागल्या. त्यांनी साहेबांच्या दारावरच्या लिंबाकडे बोट दाखवलं. "सर, ते काढू?"

"त्याला हात लावायचा नाही!" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मग खाकरून बसले. "लॅबमधून सायट्रिक अॅसिड आणा."

आणलं. कापसाचा बोळा माझ्या हातात दिला. मी तो टेकवला, आणि लालाचं पिवळं झालं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा कोणाला तरी डोळ्यांदेखत उपयोग झाला होता. तो मलाच झाला, ही गोष्ट वेगळी. कुलगुरूंची सही थोडी पसरली, पण त्यामुळे ती आणखी मोठ्या माणसाची वाटायला लागली.

"आमच्याकडे याच्याच तक्रारी येतात," साहेब पडेल आवाजात म्हणाले. "बायका लिहितात, हळदीचा डाग गेला नाही, लाल झाला. आम्हाला अशी वडी करायचीय, की डाग लाल न होता निघेल. माणूस पाहिजे होता. तुम्हाला निदान त्या बायकांचं दुःख कळेल. सोमवारपासून या."

बाहेर येऊन घरी फोन लावला. "आई, जेव," एवढंच म्हणालो. पलीकडे आप्पांनी फोन घेतला. "जेवतेय. रडतेय. दोन्ही. पुढे बोल." पुढे 'सोमवारपासून' म्हणून मी फोन ठेवला. केतनने माझी पिवळी डिग्री बघितली आणि क्रेटमधला सगळ्यात मोठा चिकू काढून मला दिला.

पुढचं वर्षभर मी कंपनीत पांढऱ्या कापडावर हळद लावायचो आणि धुवायचो. लावायचो आणि धुवायचो. "घरी स्वतःचा रुमाल धुतला नाही कधी," आई कौतुकाने गल्लीभर सांगायची, "आणि तिकडे धुण्याचा पगार घेतो! कव्हर काढून पूजा केली ना, त्याचं फळ."

मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमची नवी सुधारित वडी तयार झाली. साहेबांनी पहिल्या वड्यांपैकी एक मला दिली. मी ती छाती फुगवून घरी आणली. सकाळी उठून बघतो, तर डिग्री भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये, हात पोचणार नाही एवढ्या उंचावर. आणि पाटावर रांगोळी काढून मधोमध माझी वडी!

"आता हिच्यावर पोट चालतं ना तुझं," आई म्हणाली आणि तिने कालवलेल्या हळदीत बोट बुडवलं.

"आई, थांब!"

पण बोट टेकलं होतं. वडीवर पिवळाधम्मक ठिपका उमटला. आई बघत होती. आप्पा फलाटावर वाकून गाडी येतेय का बघावं तसे बघत होते. जिलेबी द्यायला आलेला केतन दारात उभा होता. ठिपका पिवळा होता. पिवळाच राहिला. माझी मान वर व्हायला लागली.

मग ठिपक्याची कडा किंचित गडद झाली.

"आली," आप्पा म्हणाले.

आणि बघता बघता माझी वर्षभराची नोकरी पाटावर लालभडक होऊन बसली. केतनने जिलेबीचा पुडा आईच्या हातात दिला आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "नंदू, क्लीनरची जागा अजून रिकामी आहे हां."

मी विचारलं, "ओरिजिनल लागतील का रे?"